फोर-बाय-फोर गाडीतला मुक्काम आणि गरम चहा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ यांसारखी गाडी घेऊन सह्याद्रीत भटकणाऱ्यांवर किंवा उन्हाळ्यात लडाख-स्पितीची वाट धरणाऱ्यांवर गाडीतच रात्र काढण्याची वेळ केव्हा ना केव्हा येते. कधी हौसेने, तर कधी पुढे दरड कोसळल्यामुळे. झोप आणि गरम पेय हे दोन विषय या पानावर मुद्दाम एकत्र घेतले आहेत. गाडीतल्या मुक्कामातले सुख या दोहोंवर अवलंबून असते आणि सर्वांत मोठा धोकाही या दोन गोष्टी एकाच बंद जागेत आणल्यामुळेच उद्भवतो.

कोणत्या गाडीत खरोखर आडवे होता येते?

पावणेसहा फूट उंचीच्या माणसाला पाय न मुडपता झोपायचे असेल, तर सुमारे १८० सेंटीमीटर लांबीची सलग सपाट जागा लागते. तीन दारांची थार आणि पाच दारांची जिम्नी या दोन्ही गाड्यांची लांबी ३,९८५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या आतच आहे. या लांबीतून इंजिनाची जागा वजा केली की झोपणाऱ्याच्या वाट्याला किती उरते ते सांगायला नको. तरीही जिम्नीत पुढच्या आसनांचे हेडरेस्ट काढून, आसने पुढे सरकवून पाठी पूर्ण मागे टेकवल्या, की त्या मागच्या आसनाला येऊन भिडतात आणि उंचसखल का होईना, पण एक लांब बैठक तयार होते. तीन दारांच्या थारमध्ये मागचे आसन दुमडले तरी सहा फूट सरळ जागा मिळत नाही. तिथे एकट्याने तिरके झोपणे किंवा पुढचे आसन जितके जाईल तितके मागे घेऊन रात्र काढणे, एवढेच शक्य असते. फॉर्च्युनर किंवा सफारीसारख्या मोठ्या गाड्यांत मागच्या दोन्ही रांगा दुमडल्यावर दोघांची सोय होते. दुहेरी केबिनच्या पिकअपचा हौदा साधारण दीड मीटर लांब असतो, त्यामुळे फाळका उघडा टाकून त्यावर पाय पसरावे लागतात आणि वर ताडपत्री किंवा कॅनपी असावीच लागते.

आसन दुमडून टेपने मोजल्याशिवाय कोणत्याही गाडीवर विश्वास ठेवू नये. दुकानात गाडी पाहताना सरळ आत आडवे होऊन पाहावे. विक्रेता हसला तरी हरकत नाही.

मागच्या भागात प्लायवूडचा कट्टा करून घ्यावा का?

वर्षातून आठ-दहा रात्रींहून अधिक मुक्काम होत असतील तरच घ्यावा. बारा मिलिमीटर प्लायचा, दोन चौरस मीटरचा कट्टा पंधरा किलोंच्या आसपास भरतो, आणि खालचा सांगाडा व खण धरले तर हे वजन सहज दुप्पट-तिप्पट होते. कट्ट्याखाली सामान नीट बसते हा त्याचा खरा फायदा आहे. मात्र कट्ट्यावर बसल्यावर डोके छताला लागता कामा नये. उठून बसण्यासाठी गादीपासून छतापर्यंत ९० सेंटीमीटर तरी मोकळे हवेत, नाहीतर पावसाच्या संध्याकाळी चार तास कोपरावर रेलून काढावे लागतात. कट्टा गाडीतल्या मूळ कड्यांना पट्ट्यांनी घट्ट बांधावा, कारण खडकाळ उतारावर सैल फळी माणसाच्या मानेपर्यंत यायला वेळ लागत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता, मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. आसने कायमची काढून टाकणे, छत कापणे किंवा उंच करणे असे बदल आरटीओकडे न जाता करू नयेत. बोल्ट न मारता ठेवलेला आणि घरी आल्यावर उचलून काढता येणारा कट्टा हा सामानासारखा असतो, म्हणून आम्ही तोच सुचवतो.

गादी कोणती घ्यावी? फुगवायची की फोमची?

या प्रश्नावर बहुतेक लोक मऊपणाचा विचार करतात, पण रात्र बिघडते ती बहुधा खालून येणाऱ्या थंडीमुळे. अंगाखाली दबलेली रजई किंवा स्लीपिंग बॅग फारशी ऊब देत नाही, कारण तिच्यातली अडकलेली हवा निघून गेलेली असते; पत्रा रात्री थंड होतो आणि पाठीतली उष्णता ओढून घेत राहतो. साध्या फुगवायच्या गादीत हवा मोकळेपणाने फिरते, म्हणून ती मऊ असली तरी थंडीत निरुपयोगी ठरते. आत फोम असलेली, आपोआप फुगणारी गादी किंवा गादीच्या दुकानातून मापाने कापून घेतलेला आठ-दहा सेंटीमीटरचा घट्ट फोम हे दोन पर्याय चांगले. फोम तीन तुकड्यांत कापून घेऊन कापडाने जोडून घेतला, तर दिवसा त्याची घडी घालून आसनामागे ठेवता येते.

आसनांमधल्या खळग्यांत कपड्यांच्या पिशव्या भराव्यात आणि त्यावर घरची जुनी गोधडी किंवा वाकळ घालावी. धनगरी घोंगडीची तर गोष्टच वेगळी. ती टोचते हे खरे, पण अंगाखाली घातली तर टोचत नाही, आणि ओलसर झाली तरी लोकर ऊब सोडत नाही. पावसाळ्यातल्या भटकंतीत तिच्याइतके उपयोगी अंथरूण आम्हाला अजून विकत मिळालेले नाही.

स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावर छापलेल्या तापमानांपैकी ‘कम्फर्ट’ हा आकडा पाहावा. ‘लिमिट’ किंवा ‘एक्स्ट्रीम’ या आकड्यांवर भरवसा ठेवणाऱ्याची रात्र कुडकुडण्यात जाते.

मुक्कामासाठी जागा कशी निवडावी आणि गाडी कशी उभी करावी?

जागेची निवड सूर्यास्तापूर्वी व्हायला हवी; अंधारात निवडलेली जागा सकाळी ओढ्याचे पात्र निघाल्याचे किस्से प्रत्येक गटात असतात. पावसाळ्यात कड्याच्या पायथ्याला, दरडीखाली आणि कोरड्या दिसणाऱ्या ओढ्यात गाडी लावू नये, कारण पाऊस वरच्या डोंगरावर पडतो आणि पाणी तासाभराने खाली येते. धरणाच्या फुगवट्याच्या काठची सपाट माती उन्हाळ्यात मोहक दिसते, पण वरचा पापुद्रा वाळलेला आणि आत चिखल असा तिचा स्वभाव असतो. हिवाळ्यात तलावाकाठी किंवा दरीच्या तळाशी थांबण्याऐवजी थोडे वर, उतारावरच्या सपाटीवर थांबावे. थंड हवा जड असल्यामुळे रात्री ती खाली उतरून तळाशी साचते. महाबळेश्वरला थंडीत दवबिंदू गोठल्याची बातमी येते ती बहुतेक वेळा वेण्णा तलावाच्या काठची असते, याचे हेही एक कारण आहे.

गाडी समपातळीत उभी करणे ही गादीइतकीच महत्त्वाची बाब आहे. गाडीत पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवली तर कल लगेच कळतो. थोडा कल राहणारच असेल तर डोके चढाकडे ठेवावे. आडवा कल मात्र अजिबात चालत नाही, कारण रात्रभर शरीर नकळत स्वतःला सावरत राहते आणि सकाळी अंग आंबून जाते. खालच्या बाजूच्या चाकांखाली सपाट दगड किंवा फळी घालून गाडी वर चढवावी, मग हातब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि उताराच्या बाजूने चाकांना दगड लावावेत.

फोर-बाय-फोरच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ट्रान्स्फर केसचा, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीचा, दांडा न्यूट्रलवर राहिला असेल, तर गाडी गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिकच्या ‘पार्क’मध्ये असूनही चाके मोकळीच असतात आणि सगळा भार एकट्या हातब्रेकवर येतो. झोपण्यापूर्वी तो दांडा हाताने चाचपून पाहावा.

कोठेही थांबले तर चालते का? परवानगी लागते का?

नाही, कोठेही चालत नाही. राखीव वनात विस्तव पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, आणि अभयारण्यांत प्रवेशासाठीच परवानगी लागते. भंडारदरा-रतनवाडीचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो हे काजवे पाहायला जाणारे पुष्कळदा विसरतात. कोयना आणि चांदोली मिळून झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात तर रात्री थांबण्याचा विचारही करू नये. कासचे पठार किंवा कोकणातले जांभ्याचे सडे उन्हाळ्यात ओसाड दिसत असले, तरी त्या पातळ मातीतच पुढच्या पावसाळ्याची फुले दडलेली असतात, आणि एका चाकोरीनेही ती जागा कित्येक वर्षे उघडी पडते. हिमाचलात चंद्रतालच्या काठावर तंबू लावू देत नाहीत. मुक्कामाचे तळ तलावापासून काही किलोमीटर अलीकडे आहेत.

सर्वांत चांगला मार्ग साधा आहे. गावात जावे, पोलीस पाटील किंवा सरपंच यांना भेटावे, आणि देवळाच्या किंवा शाळेच्या आवाराजवळ किंवा कोणाच्या खळ्यात गाडी लावण्याची परवानगी मागावी. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा ‘लावा की, त्यात काय’ असे उत्तर मिळते, आणि पाठोपाठ चहाही येतो. मग पुढच्या निम्म्या प्रश्नांची गरजच उरत नाही.

रात्री काचा किती उघड्या ठेवाव्यात? सकाळी सगळे आतून ओले का होते?

झोपलेला माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे रात्रभर वाफ सोडत असतो. दोन माणसे बंद गाडीत झोपली तर सकाळपर्यंत एक-दोन पेले पाणी सहज हवेत मिसळते, आणि ते थंड काचेवर व पत्र्यावर जमून गादीवर ठिबकते. त्यामुळे थंडी कितीही असली तरी समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटे उघड्या ठेवाव्यात. एकच काच उघडी ठेवली तर हवा फिरत नाही. दारांवर पावसाळी व्हायजर, म्हणजे काचेवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, बसवलेले असतील तर मुसळधार पावसातही हे जमते. काचेच्या आकाराची मच्छरदाणीची जाळी कापून तिच्या कडेने चुंबक शिवून घेतले, तर ती दाराच्या पत्र्याला बाहेरून चिकटते. काचांना आतून चांदीसारखा वर्ख असलेल्या फोमचे तुकडे लावल्यास ऊब टिकते, पहाटेचा उजेड अडतो आणि खासगीपणाही मिळतो.

ओले बूट आणि पावसाळी जॅकेट गाडीत वाळत घालण्याचा मोह आवरावा. ते वाळत नाहीत, पण बाकी सगळे मात्र ओले होते.

इंजिन चालू ठेवून एसी किंवा हीटर लावून झोपले तर?

झोपू नये. उभ्या गाडीचा धूर वाऱ्याच्या दिशेनुसार गाडीखालून आणि फटींतून आत येऊ शकतो, गवतात किंवा बर्फात सायलेन्सरचे तोंड अडले तर तो नक्कीच येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. डोके जड होणे, मळमळणे आणि झोप येणे ही त्याची लक्षणे. झोपलेल्या माणसाला यातले शेवटचे लक्षण कळणार तरी कसे? शिवाय डिझेल इंजिन तासाला सुमारे एक लिटर इंधन पिते ते वेगळेच. कोकणात मे महिन्यात एसीशिवाय गाडीत झोप येत नाही हे आम्हाला मान्य आहे, आणि म्हणून मे महिन्यात कोकणात गाडीत झोपूच नये, एखादी खोली घ्यावी, असेच आमचे उत्तर आहे.

बाहेरची हवा घेऊन बाहेरच धूर सोडणारे डिझेल हीटर मिळतात आणि योग्य रीतीने बसवले तर ते सुरक्षित असतात. पण महाराष्ट्रातल्या थंडीसाठी तो खर्च अनाठायी आहे.

पाऊस असेल तर गाडीच्या आत स्टोव्ह पेटवून पटकन चहा केला तर काय बिघडते? फक्त पाचच मिनिटे लागतात.

हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि त्याचे उत्तर बदललेले नाही. गाडीच्या आत ज्योत पेटवू नये. पाच मिनिटांसाठी नाही, काच उघडी ठेवूनही नाही. थंड भांड्याच्या बुडाला लागलेली ज्योत अपुरी जळते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते. उंचीवर, जिथे हवाच विरळ असते, तिथे हे प्रमाण वाढते आणि शरीराची सोसण्याची ताकद कमी झालेली असते. त्यात आसनांचा फोम, नायलॉनची स्लीपिंग बॅग आणि दार उघडायला लागणारा वेळ यांचा हिशेब करून पाहावा. थोड्या कलत्या गाडीत उकळत्या पाण्याचे पातेले सांडले तर आग लागण्याचीही गरज नाही. भाजलेल्या पायाने रात्री घाट उतरावा लागतो.

विझत आलेली कोळशाची शेगडी ऊब यावी म्हणून आत घेणे याहूनही घातक, आणि डास जावेत म्हणून बंद गाडीत कासवछाप उदबत्ती लावणे हेही त्याच माळेतले. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जरूर ठेवावा. ‘ईएन ५०२९१’ हे मानक त्यावर छापलेले आहे का ते पाहावे. पण अलार्म आहे म्हणून आत स्टोव्ह पेटवायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ काढू नये.

मग पावसात चहा करायचा कोठे?

मागच्या दाराशी. इथे गाडीगाडीत फरक पडतो. फॉर्च्युनरसारख्या गाडीचे मागचे दार वर उघडते आणि आयते छप्पर मिळते. थारची मागची काच वर आणि खालचे दार बाजूला उघडते, म्हणजे अर्धे छप्पर आणि एक आडोसा. जिम्नी, गुरखा आणि स्कॉर्पिओ-एन यांची दारे बाजूला उघडत असल्याने वारा छान अडतो, पाऊस मात्र थेट डोक्यावर येतो. अशा गाड्यांसाठी कॅरिअरला एक कड बांधून दुसरी कड दोन काठ्यांवर ताणलेली दोन मीटर रुंद ताडपत्री पुरते. पाणी साचू नये म्हणून तिचा एक कोपरा मुद्दाम खाली बांधावा. स्टोव्ह जमिनीवर, सपाट दगडावर किंवा घडीच्या टेबलावर ठेवावा, गाडीच्या फरशीवर ठेवू नये. ताडपत्री ज्योतीपासून हाताभराहून बरीच उंच असावी.

स्टोव्ह आणि गॅस कोणता घ्यावा?

आडव्या लांबट डब्याचा कॅसेट स्टोव्ह बुटका आणि रुंद असल्यामुळे त्यावर पातेले स्थिर बसते, आणि सह्याद्रीतल्या तापमानात तो उत्तम चालतो. मात्र त्या डब्यात बहुधा ब्युटेन असतो आणि ब्युटेनचा उत्कलनबिंदू शून्याच्या अगदी जवळ, उणे अर्धा अंश सेल्सिअस आहे. थंडी त्या आसपास गेली की गॅस डब्यातच द्रवरूपात बसून राहतो आणि ज्योत मेणबत्तीएवढी होते. लडाख-स्पितीसाठी आटे असलेला, आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांच्या मिश्रणाचा डबा घ्यावा, कारण आयसोब्युटेन उणे १२ आणि प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होत राहतो. रात्री डबा गोठू नये म्हणून काही जण तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपतात. आम्ही तसे सुचवत नाही. सकाळी दहा मिनिटे जॅकेटच्या आत धरला तरी पुरतो. एलपीजीचे सगळेच प्रकार हवेपेक्षा जड असतात, म्हणजे गळती झाली तर गॅस गाडीच्या तळाशी, नेमका झोपणाऱ्याच्या नाकाच्या पातळीवर साचतो. म्हणून रात्री डबा स्टोव्हपासून सोडवून बाहेरच्या पेटीत ठेवावा. उन्हाळ्यात भर दुपारी बंद गाडीत तो ठेवू नये.

२३० ग्रॅमच्या डब्यात किती चहा होतो याचा हिशेब करता येतो. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते, आणि निम्मी उष्णता वाया जाते असे धरले तर त्यासाठी पंधरा ग्रॅम गॅस जळतो. म्हणजे एका डब्यात पंधरा लिटरच्या आसपास पाणी उकळते. दोघांना आठवडाभर पुरावे. वाऱ्यात मात्र हाच आकडा निम्म्यावर येतो, म्हणून आडोसा हवाच. आडोशासाठी पत्र्याचा पडदा वापरताना तो खाली डबा असलेल्या स्टोव्हभोवती गोल लपेटू नये. आतला डबा तापून फुटू शकतो.

विमानाने लेहला जाऊन तिथे गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी गॅस तिथेच विकत घ्यावा, कारण तो विमानात नेता येत नाही. रेल्वेतही गॅस आणि पेटता स्टोव्ह यांना मनाई आहे. केरोसिनच्या पंपाच्या स्टोव्हची आठवण काढणारे वाचक आम्हाला लिहीत असतात. तो थंडीत खरोखर भरवशाचा होता, पण आता केरोसिन मिळवण्यातच सहल संपायची, आणि पिन मारण्याचे कसबही घरोघरी राहिलेले नाही.

गाडीच्या सॉकेटवर चालणारी किटली घ्यावी का?

घ्यावी, पण काय होणार ते समजून घ्यावे. बारा व्होल्टच्या सॉकेटला बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे १२० ते १८० वॅट. अर्धा लिटर थंड पाणी चहाइतके गरम करायला १२० वॅटच्या किटलीला हिशेबाने तेवीस मिनिटे लागतात आणि प्रत्यक्षात अर्धा तास. म्हणून ती चालत्या गाडीत लावायची गोष्ट आहे. घाट चढायला लागताना लावली, की माथ्यावर पोचेपर्यंत पाणी तयार होते, तेही झाकण घट्ट असेल आणि रस्ता बरा असेल तर. इंजिन बंद ठेवून रात्री दोन-चार वेळा लावली, तर सकाळी स्टार्टरचा ‘टक’ असा एकच आवाज ऐकू येण्याची शक्यता असते. बॅटरीचे व्होल्टेज विश्रांतीत १२.६ असेल तर ती भरलेली असते, १२.२ ला आले की निम्मी संपली असे समजून हात आवरावा.

घरातली १,५०० वॅटची किटली इन्व्हर्टर लावून गाडीवर चालवण्याचा विचार सोडून द्यावा. त्याला सव्वाशे अँपिअर विद्युतप्रवाह लागेल. वेगळे पॉवर स्टेशन, म्हणजे बरोबर नेता येणारी मोठ्या बॅटरीची पेटी, असेल, ५०० वॅट-तास क्षमतेचे, तर त्यावर ६०० वॅटची छोटी प्रवासी किटली लावून चारेक लिटर पाणी उकळते. उभ्या गाडीच्या आत, पावसात, ज्योतीशिवाय चहा करण्याचा हा एकमेव मार्ग आम्हाला मान्य आहे. मात्र त्यातल्या लिथियम बॅटऱ्या शून्य अंशाखाली चार्ज करू नयेत.

उंचीवर चहा फिका का लागतो?

उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळते; ढोबळ हिशेबाने दर ३०० मीटरला एक अंश. महाबळेश्वरला हा फरक जाणवत नाही, पण लेहला ३,५०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळते, पँगाँगच्या काठी ८६ आणि खारदुंग ला इथे तर सुमारे ८२ अंशांनाच. पाणी खळखळत असले तरी पुरेसे गरम नसते. त्यामुळे पिशवीचा किंवा पानांचा चहा नुसता बुडवून ठेवला तर उतरत नाही. आपल्याकडची दाणेदार चहा पावडर या बाबतीत सरस ठरते. ती थोडी अधिक घालून दुप्पट वेळ उकळावी, आले किसण्याऐवजी ठेचून घालावे. स्थानिक लोक शेकडो वर्षे तिथे राहून लोणी-मिठाचा गुरगुर चहा पितात. त्यातला स्निग्धांश थंडीत उपयोगी पडतो. चव आवडायला तीन कप लागतात.

दूध कसे न्यावे? गुळाचा चहा फाटतो त्याचे काय?

न उघडलेले टेट्रापॅक दूध फ्रीजशिवाय महिनोन्‌महिने टिकते, म्हणून २०० मिलिलिटरचे छोटे खोके न्यावेत. मोठा खोका उघडल्यावर तो त्याच दिवशी संपवावा लागतो. दुधाची पावडर आधी थोड्या कोमट पाण्यात कालवून मग चहात ओतली तर गुठळ्या होत नाहीत. गुळामुळे दूध फाटते ते उकळीत एकत्र घातल्यावर. कोरा चहा गुळासह उकळून गाळावा आणि पेल्यात वेगळे गरम केलेले दूध वरून घालावे, किंवा पातेले उतरवल्यावर शेवटी गूळ विरघळवावा. घरून येताना चहा पावडर, साखर, सुंठ आणि वेलदोडा एका माणसाच्या मापाने पुड्यांत बांधून आणले, तर पहाटेच्या अंधारात डबे शोधावे लागत नाहीत.

कॉफी पिणाऱ्यांसाठी काही?

मोका पॉट, म्हणजे थेट ज्योतीवर ठेवायचे कॉफीचे भांडे, कॅसेट स्टोव्हवर चांगला बसतो. फिल्टरचे डिकॉक्शन घरून थर्मासमध्ये आणले तर पहिल्या सकाळपर्यंत चालते. बाकीच्यांनी इन्स्टंट कॉफीत समाधान मानावे.

झोपण्यापूर्वी काय प्यावे?

चहातले कॅफिन शरीरात पाच-सहा तासांनीही निम्मे उरते, म्हणून रात्री नऊनंतरचा चहा झोपेच्या मुळावर येतो. सुंठ-गुळाचे गरम पाणी, हळदीचे दूध किंवा गवती चहाची पाने उकळून केलेला काढा चांगला. भाजलेले हुलग्याचे पीठ बरोबर असेल तर ताकाशिवायचे पातळ माडगे दहा मिनिटांत होते, आणि ते पेय व जेवण या दोन्ही कामांना येते. मात्र रात्री जितके प्याल तितक्या वेळा स्लीपिंग बॅगमधून बाहेर पडावे लागेल, हे ओघाने आलेच. विजेरी आणि चपला हाताशी ठेवाव्यात.

संध्याकाळचा स्टोव्ह पेटलेला असतानाच लिटरभर पाणी उकळून थर्मासमध्ये भरावे. थर्मास आधी थोड्या गरम पाण्याने विसळून घेतला तर पाणी पहाटेपर्यंत कढत राहते आणि सकाळचा पहिला पेला अंथरुणातूनच, ज्योतीशिवाय मिळतो. उरलेले गरम पाणी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत भरून, मोजा घालून पायाशी ठेवावे.

लडाख-स्पितीत गाडीत झोप लागत नाही. गादी बदलावी का?

गादीचा दोष बहुधा नसतो. ३,००० मीटरच्या वर शरीर विरळ हवेशी जुळवून घेत असते. पहिल्या काही रात्री झोप तुटक लागते, श्वास मध्येच थांबून पुन्हा खोल येतो. लेहला पोचल्यावर दोन दिवस काहीही न करता राहावे आणि पुढे मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात, डोके थोडे उंच ठेवावे. डोकेदुखीबरोबर उलट्या, तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे सुरू झाले, तर चहा करत बसू नये. रात्र असली तरी लगेच खाली उतरावे.

बिबट्या, साप, विंचू यांची भीती बाळगावी का?

बंद गाडीत बिबट्या येत नाही. जुन्नर परिसरात उसाच्या फडालगत थांबू नये, खरकटे बाहेर टाकू नये आणि रात्री लघवीला जाताना आधी विजेरीचा झोत फिरवावा. खरा उपद्रव माकडांचा असतो, तोही सकाळी, दार उघडे ठेवून चहा पीत असताना. बूट मात्र गाडीच्या बाहेर ठेवू नयेत आणि घालण्यापूर्वी झटकावेत; कोकणातला लाल विंचू किती घातक ठरू शकतो हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्याच्या दंशावरील उपचारांवर केलेल्या कामामुळे जगाला कळले.

सकाळी निघताना काय पाहावे?

गादी उलटी करून तिची खालची बाजू अर्धा तास उन्हाला दाखवावी, नाहीतर दुसऱ्या रात्री तिला कुबट वास येतो. चहाचा चोथा ओढ्यात न टाकता पिशवीत भरून बरोबर न्यावा. स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावरच आत ठेवावा. गाडी सुरू करून ब्रेक दाबून धरल्यावर कोणीतरी एकाने चाकांचे दगड काढावेत आणि ते रस्त्यावरून उचलून कडेला, गवतात टाकावेत. घाटात रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्याला असा राहून गेलेला दगड दिसत नाही.